आधी थंड करा, मग दवाखान्यात हलवा : एका कॉलेज फुटबॉल संघाच्या हंगामाचा धडा

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०१८ चा हंगाम आकड्यांत सांगायचा तर एका ओळीत संपतो. सामने १२, विजय ५, पराभव ७. अशा संघाबद्दल आरोग्यविषयक लेखात काय लिहायचे, असे तुम्हाला वाटेल. पण हंगामाचा पहिला सामना खेळण्याच्या अडीच महिने आधीच या संघाने आपला एक खेळाडू कायमचा गमावला होता. जॉर्डन मॅकनेअर, वय १९ वर्षे. मृत्यूचे कारण उष्माघात. माझे स्पष्ट मत आहे, की हा मृत्यू टाळता येण्यासारखा होता. तो का टळला नाही, हे आपल्याकडच्या प्रत्येक पालकाने, क्रीडाशिक्षकाने आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलाने समजून घ्यायला हवे.

एक खुलासा आधी करतो. हा फुटबॉल म्हणजे आपण पाहतो तो पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे खेळाडू अंगावर येऊन अडवतात. त्यात आघाडीच्या रांगेत उभे राहणारे खेळाडू मुद्दाम धिप्पाड असतात. जॉर्डन त्याच रांगेतला होता. उंची ६ फूट ४ इंच, वजन सुमारे १४७ किलो.

त्या दिवशी काय झाले?

२९ मे २०१८. संघाचा सराव चालू होता. प्रत्येकी ११० यार्डांच्या, म्हणजे साधारण १०० मीटरच्या, १० वेगवान धावा काढायच्या होत्या. पारा तिशीच्याही आत होता. विदर्भातला वाचक याला ऊनच म्हणणार नाही! धावा काढताना जॉर्डनच्या अंगात गोळे येऊ लागले. शेवटी सहकाऱ्यांना त्याला आधार द्यावा लागला.

विद्यापीठाने नंतर रॉड वॉल्टर्स या बाहेरच्या तज्ज्ञाकडून चौकशी करून घेतली. त्या अहवालानुसार पहिली लक्षणे संध्याकाळी ४ वाजून ५३ मिनिटांनी दिसली. रुग्णवाहिका त्याला घेऊन आवारातून निघाली तेव्हा १ तास ३९ मिनिटे उलटून गेली होती. या सगळ्या वेळात मैदानावरच्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी त्याचे तापमान मोजले नाही आणि त्याला बर्फाच्या पाण्यातही बसवले नाही. रुग्णालयात पोचल्यावर तापमान भरले १०६ अंश फॅरनहाइट. यकृत निकामी झाल्याने प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया करावी लागली, तरी १३ जूनला तो गेला.

ऊन फार नव्हते, मग उष्माघात कसा?

उष्माघात दोन प्रकारचा असतो. पहिल्यात उष्णता बाहेरून येते. म्हातारी माणसे, आजारी माणसे, तासन्‌तास उन्हात बसलेली माणसे त्याला बळी पडतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या पुरस्कार सोहळ्यात १४ जणांचे प्राण गेले, ते उन्हात तासन्‌तास बसावे लागल्याने. दुसऱ्या प्रकारात उष्णता शरीर स्वतःच तयार करते, आणि तो तरुण, धडधाकट माणसाला होतो.

जोरात पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. ती घालवायचा मुख्य मार्ग घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होते. हवा दमट असेल तर घाम नुसताच ओघळतो. त्यात शरीर मोठे असेल तर उष्णता जास्त तयार होते, आणि वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ कमी असल्याने ती बाहेर पडायला वाट कमी मिळते. मोठ्या पातेल्यातले दूध निवायला वेळ लागतो, तसेच हे आहे.

आतले तापमान १०४ अंशांच्या वर गेले आणि त्याच वेळी माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, अडखळला किंवा कोसळला, की तो उष्माघात समजायचा. ‘घाम थांबला तरच उष्माघात’ हा समज इथे घातक ठरतो. पळताना होणाऱ्या उष्माघातात रोगी बहुतेक वेळा घामाने निथळत असतो.

यावर उपाय आहे, आणि तो साधा आहे

या आजारात किती ताप चढला यापेक्षा तो किती वेळ राहिला, याला जास्त महत्त्व आहे. अर्ध्या तासाच्या आत तापमान १०४ च्या खाली आणले तर रोगी सहसा वाचतो. त्यानंतर मात्र मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि स्नायू यांचे नुकसान मिनिटागणिक वाढत जाते.

अमेरिकेतच मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथ इथे दर ऑगस्टमध्ये ७ मैलांची शर्यत होते. तिथल्या १८ वर्षांच्या नोंदींत अशा उष्माघाताचे २७४ रोगी आहेत. त्यांना तिथल्या तिथे, शर्यतीच्या तंबूतच, बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवले गेले. २७४ पैकी २७४ वाचले. वैद्यकशास्त्रात शंभर टक्के हा आकडा आम्हाला फार क्वचित लिहायला मिळतो. आणि इथे तो मिळाला तो कोणत्या महागड्या औषधाने नव्हे, तर पाणी आणि बर्फ यांनी.

म्हणून क्रीडावैद्यकात नियमच आहे : आधी थंड करा, मग हलवा. रुग्णवाहिका जरूर बोलवा, पण ती येईपर्यंत हात बांधून उभे राहू नका.

मग मेरीलँडमध्ये हे का झाले नाही?

माझ्या मते मुद्दा साधनांचा नव्हता. अशा विद्यापीठांकडे व्यायामशाळा असतात, प्रशिक्षित कर्मचारी असतात, भरपूर पैसा असतो. कमी पडले ते वेळेवर थांबणे. संघातल्या वातावरणाची वेगळी चौकशी झाली, तेव्हा बऱ्याच खेळाडूंना तक्रार करायची भीती वाटत होती, असे त्या समितीने नोंदवले. जिथे थांबणे म्हणजे कमकुवतपणा ठरतो, तिथे गोळे आलेला मुलगा पळतच राहतो, आणि बाजूच्यांना वाटते की हा थोडा दमलाय इतकेच.

कठोर सरावाशिवाय खेळाडू घडत नाही, असे प्रशिक्षक म्हणतात. ते मलाही मान्य आहे. पण उष्णता सोसण्याची ताकद जिद्दीने येत नाही, ती सवयीने येते. शरीराला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते. ही तयारी मनाच्या निर्धाराने एका दिवसात उरकता येत नाही. म्हणूनच सुटीनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत ‘बघू कोण किती तयारीत आहे’ म्हणून सगळ्यांत कडक परीक्षा घेतली जाते.

आणि मग हंगाम सुरू झाला

१४ ऑगस्टला विद्यापीठाचे अध्यक्ष वॉलेस लोह यांनी कुटुंबाची माफी मागून कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली. मुख्य प्रशिक्षक डी. जे. डर्किन रजेवर होते, त्यांच्या जागी मॅट कॅनडा हंगामी प्रशिक्षक झाले. १ सप्टेंबरला टेक्सासविरुद्धच्या सामन्यात मेरीलँडने आपल्या पहिल्या डावपेचाला ११ ऐवजी १० खेळाडू उभे केले. जॉर्डनची जागा रिकामी ठेवली. वेळ लावल्याबद्दल दंड झाला, तो घ्यायला टेक्सासने नकार दिला. मेरीलँडने तो सामना ३४–२९ असा जिंकला.

३० ऑक्टोबरला डर्किन यांना परत आणायचे ठरले. विद्यार्थी आणि खेळाडूंमध्ये नाराजी उसळली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना काढण्यात आले. नोव्हेंबरमध्ये बलाढ्य ओहायो स्टेटविरुद्ध हीच मुले जादा वेळेपर्यंत लढली आणि ५२–५१ अशी एका गुणाने हरली. या मुलांत जिद्द कमी होती असे कोण म्हणेल? जॉर्डनमध्येही ती कमी नव्हती. जिद्दीने १०६ अंश उतरत नाहीत, एवढेच.

२०२१ मध्ये मेरीलँड राज्याने कॉलेज खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी जॉर्डनच्या नावाने कायदा केला. चांगले झाले. पण कायदा पुस्तकात असतो आणि बर्फ मैदानावर लागतो.

आपल्याकडे काय करायचे?

पोलीस भरतीसाठी धावणारी मुले, शाळांचे क्रीडामहोत्सव, गावोगावच्या मॅरेथॉन, फुटबॉल आणि कबड्डीची शिबिरे, सगळीकडे हा धोका आहे. पळताना कोणी कोसळला किंवा बरळू लागला, तर :

• ताबडतोब सावलीत न्या, बूट आणि जाड कपडे काढा. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी थंड करायला लागावे.
• टब किंवा पाण्याची टाकी असेल तर मानेपर्यंत थंड पाण्यात बसवा, बर्फ टाका, पाणी हलवत राहा. डोके धरून ठेवायला एक माणूस हवाच.
• टब नसेल तर ताडपत्रीवर झोपवून कडा चौघांनी उचलून धराव्यात आणि आत पाणी व बर्फ ओतावे. तेही नसेल तर बादल्यांनी सतत पाणी ओता, ओल्या चादरी बदलत राहा, वारा घाला.
• शुद्ध हरपत असेल तर तोंडाने पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जाऊ शकते.
• तापाची गोळी देऊ नका. हा जंतुसंसर्गाचा ताप नाही, गोळीने उतरत नाही, उलट यकृतावरचा भार वाढतो.
• काखेत लावलेल्या थर्मामीटरवर विसंबू नका. पळून घामेजलेल्या माणसात तो कमी आकडा दाखवू शकतो. प्रशिक्षित माणूस गुदद्वारातून तापमान घेतो, तेच खरे.
• कांदा फोडून नाकाला लावण्यात वेळ घालवू नका. कांदा भाकरीबरोबर चांगला!
• माणूस लवकर सावरला तरी त्याच दिवशी रुग्णालयात तपासणी हवीच. लघवी काळपट, चहासारखी झाली तर स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा झाल्याचे ते लक्षण असू शकते.

आदल्या दिवशी ताप, जुलाब किंवा जागरण झाले असेल तर त्या दिवशी पळू नये. सर्दीची काही औषधे आणि मनोविकारांवरची काही औषधे उष्णता सोसण्याची क्षमता कमी करतात, त्यामुळे नियमित औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

पुढच्या वेळी मुलाचे नाव शिबिरात घालताना फी आणि गणवेशाची चौकशी कराल, तेव्हा आणखी तीन प्रश्न विचारा. बर्फ आणि मोठा टब कुठे ठेवला आहे? कोणी कोसळले तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करणार, हे ठरले आहे का? आणि ‘मला जमत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलाला तुम्ही काय म्हणता? तिसऱ्या प्रश्नाला प्रशिक्षक हसले, तर दुसरे शिबिर शोधा.