घरातल्या सायकललाही कुलूप हवे

सायकल चोरीला जाते ती बाजारातून, कोचिंगच्या दारातून किंवा स्टेशनवरून, अशी आपली समजूत असते. म्हणून मुले बाहेर आठवणीने कुलूप लावतात आणि घरी आली की सायकल गॅरेजमध्ये ढकलून सरळ जेवायला बसतात. विचारले तर उत्तर तयार असते, "घरातच तर आहे!" चोराची भिस्त याच वाक्यावर असते.

जुन्या इंदुरात, वाड्यांत राहणाऱ्यांना हे वाक्य शोभत असे. सायकल चौकात उभी असायची, ओसरीवर कोणी तरी आजी-आजोबा बसलेले असायचे आणि रात्री दाराला अडसर पडायचा. आता कॉलन्या आणि मल्ट्या आल्या. आई-वडील दोघेही नोकरीवर, गॅरेजचे शटर अर्धे वर, फाटकाला नुसती कडी. येणाऱ्या-जाणाऱ्याला सायकल दिसते, पण तिच्याकडे लक्ष ठेवणारे कोणी नसते.

काही पालक म्हणतात, "आपल्याच घरात कुलूप लावायचे म्हणजे घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर अविश्वास दाखवणे नव्हे का?" मला नेमके उलटे वाटते. सायकल नाहीशी झाली की पहिला संशय कोणावर जातो? भांडी घासणाऱ्या बाईंवर, दूधवाल्यावर, गाडी धुणाऱ्या मुलावर. पुरावा काही नसतो, पण बाईंचे काम सुटते आणि चार घरांत बोलणे पसरते. पुढे खरा चोर सापडला तरी त्यांची क्षमा मागायला सहसा कोणी जात नाही. त्यांचे मूल कदाचित आपल्या मुलाच्याच वर्गात शिकत असते, याचाही विचार करावा. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'सावधान' वेगळा आणि 'शक्की' वेगळा; मराठीतही सावध आणि संशयी हे दोन शब्द निराळेच आहेत. जो आधी सावध राहतो, त्याच्यावर नंतर संशयी होण्याची पाळी सहसा येत नाही.

सावध राहायला फार खर्च लागत नाही. मागच्या चाकाचे कुलूप चाक फिरू देत नाही, एवढेच. पंधरा-वीस किलोची सायकल उचलून रिक्षात टाकायला वेळ तो किती? म्हणून सायकल एखाद्या हलणार नाही अशा वस्तूला बांधावी. गॅरेजच्या पक्क्या भिंतीत किंवा फरशीत मिस्त्रीकडून जाड लोखंडी कडे बसवून घ्यावे. त्यातून जाड साखळी घेऊन ती फ्रेममधून आणि मागच्या चाकातून ओवावी. नुसत्या पुढच्या चाकाला बांधले तर चाक तेवढे राहते आणि सायकल जाते! साखळी जमिनीवर लोळू देऊ नये, कारण फरशीवर ठेवून ती हातोड्याने तोडणे सोपे पडते. आणि हो, हातोडा, करवत, पाने हे सामान तिथेच उघडे ठेवू नये. चोराला हत्यार आपणच का पुरवावे? किल्लीही गॅरेजमधल्या खिळ्याला टांगू नये. मल्टीत राहणाऱ्यांनी सायकल खांबाला किंवा मजबूत जाळीला बांधावी, पाण्याच्या पाइपाला नको.

दुसरी गोष्ट ओळखीची. मोटारसायकलला नंबर प्लेट असते, सायकलला नसते. पण बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर, बहुधा पायडलच्या खालच्या बाजूला, एक क्रमांक कोरलेला असतो. तो आजच वहीत उतरवून घ्यावा, सायकलचा फोटो काढावा आणि दुकानाचे बिल जपून ठेवावे. कायदा कडक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 प्रमाणे राहत्या घरातील किंवा सामान ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण ठाण्यात दहा काळ्या सायकली उभ्या असतील, तर त्यांतली आपली कोणती हे दाखवता आले पाहिजे. चोरी झालीच तर हा क्रमांक तक्रारीत लिहावा आणि एफआयआरची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते.

पालकांना माझी विनंती आहे की कुलूप लावण्याचे काम मुलाकडेच सोपवावे. त्याची सायकल, त्याचे कुलूप, त्याची किल्ली. दुसरी किल्ली तेवढी आईजवळ. रोज एक मिनिट लागेल. बैल गेला आणि झोपा केला, असे होऊ नये. ज्या सायकलवर मूल वेळेवर शाळेत पोहोचते, ती सकाळी जागेवर असली पाहिजे. आणि सकाळी कामावर येणाऱ्या बाईंनाही त्या घरात मान वर करूनच येता आले पाहिजे.