चाकाला आठवण नसते

विमा कंपनीतल्या माणसाने जुगाराला जाऊ नये, असा काही नियम नाही. पण जाताना बायकोचे पैसे बरोबर नेऊ नयेत, असा नियम आमच्या घरी गेल्या वर्षापासून झाला आहे. त्याचीच ही हकीकत.

आमच्या कंपनीच्या (नाव सांगत नाही, निवृत्तीला अजून चार वर्षे आहेत) खानदेश विभागाची परिषद गोव्यात भरायची ठरली. विषय होता, 'जोखीम आणि तिचे व्यवस्थापन'. स्थळ होते पणजीतले असे हॉटेल, की ज्याच्या तळमजल्यावर पैसे गिळणारी यंत्रे आणि खिडकीतून दिसणाऱ्या मांडवीत जुगाराची जहाजे. विषय आणि स्थळ एकाच साहेबांनी एकाच बैठकीत ठरवले. आपल्या हातून विनोद झाल्याचे त्यांना अजून कळलेले नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सौ.ने माझ्या हातात पाचशेच्या सोळा नोटा ठेवल्या. तिच्या कुड्यांची घडणावळ सराफाला द्यायची राहिली होती. नोटा लक्ष्मीपूजनातल्या, प्रत्येकीवर हळदीकुंकवाचे बोट. मी गेलो तर सराफाचे दुकान बंद. आल्यावर देऊ म्हणून पाकीट आतल्या खिशात ठेवले आणि विसरलो. निदान पोलिसांनी विचारले असते, तर मी हेच सांगितले असते.

जळगावहून गोव्याला थेट विमान २०२४ च्या एप्रिलात सुरू झाले. आमच्या धुळे शाखेचे नाना त्यासाठी पहाटेची एस. टी. पकडून आले. जळगाव आणि धुळे या दोन शाखांचे सख्य भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याइतके. त्यात सौ.चे माहेर धुळ्याचे, आणि नाना तिच्याच गल्लीतले. धुळ्याच्या जुन्या वस्तीत गल्ल्या नंबरांनी ओळखतात, माणसे मात्र नात्यांनी. त्यामुळे परिषदेतही नाना मला 'जावईबापू' म्हणत. विमानतळावर त्यांच्या पिशवीतला भरिताचा डबा तपासणीत उघडावा लागला. लसूण आणि भाजलेल्या वांग्याचा तो दरवळ घेऊन शिपायाने डबा अशा नजरेने परत दिला, की नानांनी त्याला भाकरीही देऊ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला माझे व्याख्यान. ते चांगले झाले, हे मी नम्रपणे नमूद करतो. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी जुगारातल्या एका प्रश्नावर पत्रे लिहिली, त्यातून संभाव्यतेचे गणित आकाराला आले आणि पुढे त्याच गणितावर आपला विमाधंदा उभा राहिला, हे मी सांगितले. शेवटी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "मंडळी, चाकाला आठवण नसते! पाच वेळा काळा आला, म्हणून सहाव्यांदा तांबडा येईल असे मानणारा माणूस मूर्ख होय." टाळ्या पडल्या. नानांनी हे वाक्य वहीत उतरून घेतले.

रात्री साहेब सगळ्यांना जहाजावर घेऊन गेले. गोव्यात पंचतारांकित हॉटेलांत फक्त यंत्रांवर खेळता येते. खरी टेबले आणि फिरते चाक हवे असेल, तर पाण्यावर जावे लागते. १९९२ च्या दुरुस्तीने यंत्रे आली, १९९६ च्या दुरुस्तीने जहाजे. खुद्द गोंयकारांना मात्र फेब्रुवारी २०२० पासून तिथे खेळायला बंदी. वैद्याने स्वतःचे औषध घरच्यांना देऊ नये, तशातला प्रकार. आपल्या महाराष्ट्राचा थाट याहून निराळा. आपण १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला, एकदाही अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. लग्नपत्रिका छापून सत्तेचाळीस वर्षे कपाटात ठेवावी आणि मग रद्दीत घालावी, तसे.

तिकिटात जेवण धरलेले होते. नानांनी ते वसूल करण्याचा चंग बांधला आणि ते ताट घेऊन निघून गेले. मी चाकापाशी उभा राहिलो. शून्य ते छत्तीस असे ३७ खण. आपला आकडा आला तर एकास पस्तीस मिळतात. हिशेबाने छत्तीस मिळायला हवेत. शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे मालकाचे. मी हे सगळे तोंडी केले आणि स्वतःवर खूष झालो.

एवढ्यात काळा आला. पुन्हा काळा. लागोपाठ पाच वेळा काळा!

मी तांबड्यावर पाचशे लावले. काळा. हजार लावले. काळा. दोन हजार. काळा. आता तर तांबडा येणारच, म्हणून चार हजार लावले. शून्य आले. शून्य हिरवे असते. ते तांबडेही नव्हे, काळेही नव्हे. मालकाचे ते.

हातात पाचशे उरले. तांबड्याचा नाद सोडून मी जळगावच्या गाडीचा नंबर धरला, १९. चाक फिरले, गोळी खुळखुळली आणि १८ वर बसली. १८ म्हणजे धुळे. शिवाय १८ तांबडा असतो.

"काय व्हयनं, जवाईबापू?" मागे नाना उभे होते, हातात तिसऱ्यांदा भरलेले ताट.

कुड्यांचे सांगताच ते हसायचे थांबले. ताट खाली ठेवून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून पुरचुंडी काढली आणि आठ हजार मोजून दिले. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेल्या पैशांतले ते होते, हे मला मागाहून कळले. व्याज नको म्हणाले. फक्त वही उघडून माझे सकाळचे वाक्य मला मोठ्याने वाचायला लावले. दुसऱ्या दिवशी पुढच्या परिषदेचे स्थळ ठरवताना जळगावची सगळी शाखा माझ्याकडे बघत असताना मी उठलो आणि धुळे सुचवले. लळिंगच्या किल्ल्याची हवा उत्तम असते, असेही म्हणालो.

घरी आल्यावर पाकीट सौ.च्या हाती दिले. तिने नोटा मोजल्या. सोळा भरल्या. मग एकेक उजेडात धरून पाहिली.

"यावरचं कुंकू कुठं गेलं?"

"गोव्याची हवा दमट," मी म्हणालो.

"सोळाच्या सोळा नोटांना?" तिने पाकीट कपाटात ठेवले, किल्ली कमरेला खोचली. "धुळ्याहून वहिनींचा फोन होता. पुढची परिषद म्हणे धुळ्याला, आणि तीही तुम्ही सुचवलीत. नानाभाऊंचे किती द्यायचेत?"