सवलत आज रात्री संपणार आहे

गेल्या महिन्यात चामोर्शीला बहिणीकडे जाणे झाले. असरच्या नमाजनंतर ओसरीवर चहा आला आणि चहाबरोबर भाच्याचा मोबाइलही. "मामू, एवढं जरा बघून द्या." पडद्यावर एक घड्याळ उलटे धावत होते. जिममध्ये शिकवणाऱ्यांसाठी 'मोबिलिटी स्पेशालिस्ट'चे ऑनलाइन प्रमाणपत्र, मूळ फी 60 हजार, आजच भरली तर 28 हजार. सवलत संपायला सहा तास बाकी.

भाचा पंचविशीतला. गावातल्या एका लहानशा जिममध्ये सकाळ-संध्याकाळ मुलांकडून व्यायाम करून घेतो, दुपारी अब्बांच्या दुकानावर बसतो. मेहनती आहे, पोरे त्याचे ऐकतात. बहिणीने भिशीचे पैसे काढून ठेवले होते. ती म्हणाली, "भाई, तुम्ही हो म्हणालात तर आत्ता भरते." एका घराची वर्षभराची बचत आमच्या एका शब्दावर येऊन थांबली. असे मोबाइल आजकाल अनेक घरांत अम्मी-अब्बांपुढे धरले जात असतील, म्हणून हा प्रसंग थोडा सविस्तर सांगतो.

आम्ही भाच्याला विचारले, "आधी हे सांग, मोबिलिटी म्हणजे काय?" तो म्हणाला, "स्ट्रेचिंगच, मामू. अंग मोकळं करणं." तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भाची म्हणाली, "नाही भाईजान, ते वेगळं." ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. भावाच्या मोबाइलवरचे सगळे व्हिडिओ तिनेही पाहिले होते, आणि बहुधा जास्त लक्ष देऊन.

तिने आम्हाला खाटेवर उताणे झोपवले. गुडघा न वाकवता एक पाय आपल्या ताकदीवर वर उचला म्हणाली. तो जेमतेम अर्ध्यावर गेला. मग तळव्याला टॉवेल अडकवून हातांनी ओढायला सांगितले, तर तोच पाय आणखी बराच वर आला. "या दोन जागांमधलं अंतर बघा मामू. तिथपर्यंत पाय जातो, पण तुम्ही स्वतः त्याला नेऊ शकत नाही, सांभाळूही शकत नाही." ताण दिल्याने टॉवेलवाली हद्द वाढते. मोबिलिटीच्या व्यायामात सांध्याला त्या हद्दीपर्यंत आपल्या ताकदीने जायला आणि तिथे टिकायला शिकवतात. इतक्या सोप्या भाषेत आम्हाला हे आधी कुणी सांगितले नव्हते. (खाटेवरून उठताना आम्ही कण्हलो, त्यावर सगळे हसले, ते सोडून द्या.)

मग तिने भिंतीपाशी उभे केले. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा दूर ठेवायचा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. घोटा चांगला वाकत असेल तर अंगठा साधारण 10 सेंटीमीटर मागे असला तरी गुडघा टेकतो. आमचा उजवा चार बोटांवर टेकला, डावा दोन बोटांवरच अडला. डावा घोटा वीस वर्षांपूर्वी मुरगळला होता, हे आम्ही कुणाला सांगितलेले नव्हते.

आपल्या घरांत हा विषय जिमपुरता राहत नाही. नमाजकडे सांध्यांच्या नजरेने पाहा. रुकूत कंबरेखालचे सांधे वाकतात. सजद्यात मनगटे मागे वळून भार घेतात, गुडघा पुरता दुमडतो आणि पायाची बोटे जमिनीवर वळतात. बैठकीत डावा पाय सपाट पसरतो, उजवा उभा राहतो. लहानपणापासून केलेल्या माणसाला हे जाणवतही नाही. जाणवते ते एखादी हालचाल हातची गेली की. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत वाकून राहणाऱ्या इथल्या बायांच्या कंबरेची गोष्टही याच जातीची आहे.

बहिणीची सास, मुलांची दादी, दोन वर्षांपासून खुर्चीवर नमाज पढते. आजारी माणसाला ती सवलत आहेच. पण कपाळ जमिनीला टेकत नाही याची खंत तिच्या बोलण्यात दर वेळी येते. भाच्याच्या मनात खरे तर दादीच होती. "कोर्स झाला की दादीचा गुडघा मीच मोकळा करतो," म्हणत त्याने तिचा पाय धरून दाबून दाखवायला हात पुढे केला. व्हिडिओत तसे दाखवले होते. गुडघ्यावर सूज स्पष्ट दिसत होती. आम्ही जरा मोठ्यानेच म्हणालो, "थांब!"

ओसरी शांत झाली. भाचा ओशाळला. आम्हालाही वाईट वाटले, कारण त्याची नियत चांगली होती. पण सुजलेल्या सांध्याला कधी हात लावायचा नाही, हे त्या कोर्सच्या वीस धड्यांच्या यादीत कुठेच नव्हते. दुखणे कशाचे आहे हे डॉक्टरने ठरवायचे, त्यावरचा व्यायाम-उपचार फिजिओथेरपिस्टने करायचा. आपल्या राज्यात फिजिओथेरपिस्टांसाठी परिषद आहे, आणि 2021 मध्ये केंद्रानेही अशा आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. जिमच्या प्रशिक्षकाचे काम धडधाकट माणसाला धडधाकट ठेवण्याचे.

त्या प्रशिक्षकाला मात्र आपल्या देशात परवाना लागत नाही. म्हणूनच कागद विकणाऱ्यांची चलती आहे. सरकारी चौकटीत फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. क्रीडा आणि फिटनेस क्षेत्राची कौशल्य परिषद तो चालवते आणि एनसीव्हीईटी ही नियामक संस्था अशा अभ्यासक्रमांना मान्यता देते. अमेरिकेतल्या एसीई, एनएएसएम या संस्थांची प्रमाणपत्रे आपल्या मोठ्या शहरांतल्या जिममध्येही चालतात. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. आधी मूळ परीक्षा, सोबत सीपीआरचे म्हणजे हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचे शिक्षण, आणि मग दर दोन वर्षांनी 20 तासांचे जादा शिक्षण. मोबिलिटीचे बहुतेक कोर्स या जादा तासांत बसतात. कॅनडाच्या आंद्रेओ स्पिना यांची एफआरसी ही पद्धत जगभर गाजली, तीही मुख्यतः आधीपासून या धंद्यात असलेली माणसेच शिकतात. जाहिरातीत एखाद्या नामांकित संस्थेचा शिक्का दिसला, तर त्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की हे तास तिथे धरले जातात.

भाच्याकडे मूळ प्रमाणपत्रच नाही. त्या पानावर 'आंतरराष्ट्रीय मान्यता' असे ठळक लिहिले होते, पण मान्यता कुणाची ते आम्हाला खालपर्यंत जाऊनही सापडले नाही. परीक्षा 40 प्रश्नांची, पर्याय निवडायचे, नापास झालात तर हवे तितक्या वेळा पुन्हा द्या. शिकणाऱ्याचा हात दुसऱ्याच्या अंगावर कसा पडतो हे बघणारे कुणीच नाही. आपल्या विदर्भातच अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे. त्याच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. तिथली विद्या उस्तादाच्या नजरेखाली, चूक झाली की जागीच टोकले जाऊन पुढे आली.

ऑनलाइन शिक्षण म्हणजे फसवणूक, असे आमचे म्हणणे नाही. स्नायूंची नावे, सांध्यांची रचना घरबसल्या दहा वेळा पाहता येते. काही चांगल्या वर्गांत विद्यार्थ्याने दुसऱ्याकडून व्यायाम करून घेतानाचा व्हिडिओ पाठवायचा असतो आणि शिक्षक त्यातल्या चुका दाखवतात. ज्या मुलीला नागपूरला राहून शिकता येणार नाही, तिच्यासाठी तर हे दारच आहे. बोलता बोलता कळले की मोहल्ल्यातल्या चार-पाच बाया दुपारी भाचीकडे येतात. बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या, जिमची पायरी कधी न चढलेल्या. ती त्यांच्याकडून साधे व्यायाम करून घेते. पैसे घेत नाही. बहिणीला हे माहीत होते, पण त्याला ती 'काम' म्हणत नव्हती.

आम्ही बहिणीला म्हणालो, "भिशीचे पैसे आज राहू दे. दोघांनाही आधी मूळचा अभ्यासक्रम करू दे, तोही चौकशी करून. मोबिलिटी त्यानंतर." भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, पण सवलत?"

इशानंतर घड्याळ शून्यावर आले. फी भरली गेली नाही. दुसऱ्या दिवशी भाचा दादीला तपासायला गडचिरोलीला घेऊन गेला, कौशल्य केंद्रांची चौकशीही तिथेच करून येतो म्हणाला. बस सुटायच्या आधी त्याने हसत मोबाइल आमच्यापुढे धरला. तेच पान, तीच 28 हजारांची फी. घड्याळात पुन्हा सहा तास शिल्लक होते.