खाचरातून वाहून जाणारे नत्र

कोकणच्या भातशेतीचा इतिहास हा कुळांच्या लढ्याचा इतिहास आहे. अलिबागजवळच्या चरी परिसरातील शेतकऱ्यांनी खोतशाहीविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षे संप केला. पुढे कुळकायद्याने कसणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर लागले. आज त्याच जमिनीचा कस बदलत्या हवामानामुळे हिरावला जात आहे आणि या हानीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही.

खाचरात पाणी उभे असते तोवर नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहते. पावसाने ओढ दिली की चिखलाला भेगा पडतात, हवा आत शिरते आणि त्याचे नायट्रेट होते. मग एकाएकी कोसळणारा पाऊस ते निचऱ्यावाटे नेतो. उरलेले साचल्या पाण्याखाली वायुरूप होऊन उडते. त्यातला नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता कोंडतो. हवामानाने खत पळवायचे आणि पळालेल्या खताने हवामान आणखी बिघडवायचे, असे हे दुष्टचक्र आहे.

या तोट्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. सधन शेतकरी दुसरी गोणी टाकतो. तोंडी कराराने वाट्याने कसणाऱ्याला पीककर्जही दुरापास्त. १९९२ मध्ये स्फुरद-पालाश खतांवरील किंमत-नियंत्रण उठले, युरियावरचे राहिले. त्यातून जमिनीचा समतोल ढळला. म्हणून युरियाचे अनुदानच काढा, असे सांगणारे पंडित लहान शेतकऱ्याच्याच मानेवर सुरी ठेवतात. २०१५ मध्ये सक्तीचे झालेले कडुनिंबाचे लेपन योग्यच. पण वर फेकलेला युरिया पुरात वाहून जातो, तेथे त्याचा इलाज चालत नाही.

मार्ग ठाऊक आहे. डॉ. नारायण सावंत यांनी पुरस्कारलेल्या चारसूत्री भात लागवडीत पिकाचे अवशेष मातीत परत जातात, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडला जातो आणि नियंत्रित लावणीत चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोल खोचली जाते. खोल दडलेले नत्र पाण्याला सहजी सापडत नाही. परंतु हे वाकून करायचे कष्टाचे काम आहे. त्याची मजुरी एकट्या शेतकऱ्याने का सोसावी? १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने ती, बांधदुरुस्ती आणि गिरिपुष्पाच्या लागवडीसह, सार्वजनिक खर्चातून द्यावी.

कार्यकर्त्यांनी खरिपापूर्वी ग्रामसभांतून ही मागणी ठरावरूपाने पुढे आणावी. कसणाऱ्याला जमीन मिळाली, ती सुपीक राहिली नाही तर त्या विजयाला अर्थ उरणार नाही.