वाघांनाही रडू द्या : प्रेमभंग, पुरुषांचं मन आणि आपला सिनेमा

गेल्या काही महिन्यांपासून आम्ही सात जण मिळून एक शॉर्टफिल्म करतो आहोत. विषय आहे प्रेमभंग, आणि त्यानंतर एका पोराच्या मनाचं काय होतं हे. आमच्यात कुणी शिक्षक, कुणी डिलिव्हरीचं काम करणारा, दोघी एमएसडब्ल्यू झालेल्या. निर्माता कुणीच नाही. ही बातमी फुटल्यापासून चळवळीतले ज्येष्ठ आणि आमचेच दोस्त आम्हाला एकच प्रश्न विचारतात : "शिष्यवृत्त्या अडकल्यात, नोकऱ्या कंत्राटी झाल्यात, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्हाला पोरापोरींची लफडी सुचतात कशी?"

प्रश्न आमच्या फिल्मपुरता असता तर हसून सोडून दिला असता. पण चळवळीने कशाला प्रश्न मानायचं आणि कशाला नाही, हे त्यातून ठरतं. म्हणून उत्तरही जाहीर देतो आहोत.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचं मर्म कशात सांगितलं? सजातीय विवाहात. पुढे १९३६ साली 'जातिसंहार' मांडताना आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय असल्याचं त्यांनी लिहिलं, आणि लोक असे विवाह का करत नाहीत याचं मूळ धर्मशास्त्रांवरच्या श्रद्धेत आहे हेही दाखवलं. जात जर लग्नाच्या दारात उभी असेल, तर त्या दारावर आपटून फुटलेलं काळीज हा खासगी मामला कसा? 'हे तुमचं वैयक्तिक आहे' असं म्हणणं जातीच्याच सोयीचं आहे. देशव्यापी पाहण्यांमध्ये आजही आंतरजातीय लग्नांचं प्रमाण सुमारे ५ टक्के निघतं. एवढी घट्ट भिंत ज्या पोरापोरींना लागते, ते दुखतंय असं म्हणायलाही कचरतात.

हे घडतं कसं ते बघा. कॉलेज किंवा अभ्यासिकेत ओळख होते. नोट्स, चहा, एकमेकांचे फॉर्म भरणं. तीन-चार वर्षं जातात. जात दोघांनाही माहीत असते, पण तिचं नाव निघत नाही. लग्नाचा विषय निघतो त्या दिवशी ते निघतं, तेही आडून : "घरचे ऐकणार नाहीत रे." कुणी जातीवरून शिवी देत नाही, अंगावर हात टाकत नाही. नोंदवावा असा गुन्हा घडतच नाही. फक्त फोन उचलणं बंद होतं. मग पोरगा दोष स्वतःत शोधायला लागतो. आपला रंग, आपली बोली, आपला पगार, वस्तीतलं पत्र्याचं घर. भिंत बाहेर आहे हे विसरून तो स्वतःलाच अपुरा मानतो. जात बाहेरून आत शिरते ती अशी.

आणि हे प्रेम मुळात भीतीखाली झालेलं असतं. १ जानेवारी २०१३ ला सोनईत एका प्रेमसंबंधावरून मेहतर समाजातल्या तीन तरुणांची हत्या झाली. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याला वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून मारलं गेलं, आणि २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. आपल्या प्रत्येक आईला ही नावं पाठ आहेत. पोरगा रात्री उशिरा हळू आवाजात फोनवर बोलताना दिसला की तिच्या पोटात गोळा येतो. म्हणून नातं तुटल्यावर घरातून पहिलं वाक्य निघतं ते "बरं झालं, जिवानिशी सुटलास." ते वाक्य मायेपोटीच येतं. पण त्या एका वाक्याने त्याच्या दुःखाचं दार बंद होतं. जिवंत आहेस ना, मग रडतोस कशाला?

दार बंद करायला आपली भाषाही मदत करते. आपण स्वतःला भीमाचे वाघ म्हणतो. हजारो वर्षं मान खाली घालायला लावलेल्या माणसांनी छाती पुढे काढून स्वतःला वाघ म्हणवून घेणं, यामागचं सामर्थ्य आम्ही नाकारत नाही. तो शब्द आम्हालाही प्यारा आहे. पण मिरवणुकीत कामाला येणारा वाघ रात्री दोन वाजता छताकडे बघत पडलेल्या पोराच्या कामाला येत नाही. वाघाला रडायची मुभा नसते. मग दोस्त म्हणतात, "एक गेली, दुसरी येईल", "चल, आज बसू." जी पोरं एका हाकेवर मोर्चाला शंभर जण जमवतात, त्यांच्यात एकाला "मला झोप लागत नाही रे" हे सांगता येत नाही. ही मर्दानगी आपली नव्हे. आपण जिच्याविरुद्ध लढतो त्याच व्यवस्थेने ती आपल्याला जुन्या कपड्यासारखी देऊन टाकली आहे, आणि आपण ती अभिमानाने घालतो आहोत.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. त्यात सुमारे ७२ टक्के पुरुष होते. चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक रोजंदारीवर काम करणारे. सुमारे ६४ टक्के लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. राज्यांमध्ये २२,७४६ आत्महत्यांसह महाराष्ट्र सगळ्यात वर. अहवालात वय, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, उत्पन्न या सगळ्यांचे तक्ते आहेत. 'प्रेमप्रकरण' हेही कारण वेगळं मोजलेलं आहे. जातीचा तक्ता मात्र नाही. 'प्रेमप्रकरण' या रकान्यात किती जणांना जात नडली, हे त्या कागदावरून कधीच कळणार नाही. जे सरकार मोजत नाही ते आपण निदान दाखवायला तरी नको का?

दुःख गिळायची सवय आपल्याला फार महाग पडलेली आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांच्या जाण्यापासून सुरू झालेला आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षं लागली. ते दुःख प्रेमभंगाचं नव्हतं. पण आयुष्यभर लोकांचं दुःख गायलेल्या माणसाचं दुःख ऐकायला कोण होतं, हा प्रश्न आजही तसाच आहे.

सिनेमाने काय केलं? हिंदी सिनेमाने प्रेमभंग झालेल्या पुरुषाचा एक साचा दिला : देवदास. जमीनदाराचा मुलगा, काम करायची गरज नाही, म्हणून दारू पिऊन झुरायला भरपूर वेळ. २०१९ चा 'कबीर सिंग' त्याचाच नवा अवतार. वस्तू फोडायच्या, माणसांवर ओरडायचं, आणि शेवटी मुलगी बक्षीस म्हणून मिळवायची. आपला पोरगा दोन दिवस कामावर गेला नाही तर दोन दिवसांचा पगार जातो, चौथ्या दिवशी कामच जातं. देवदास होणं त्याला परवडत नाही. तरी तो मोबाइलवर 'बेवफा'ची गाणी स्टेटसला ठेवून तोच साचा अंगावर चढवतो, कारण दुसरा साचा त्याला कुणी दिलेलाच नाही.

दिला असेल तर आपल्याच माणसांनी. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'तला जब्या आणि 'सैराट'मधला परशा आपल्याला आरशासारखे वाटले. नीरज घेवान यांच्या 'मसान'मध्ये डोम समाजातला दीपक घाटावर मित्रांसमोर ढसाढसा रडतो, आणि मित्र त्याला सावरतात. दलित तरुणाचं रडणं पडद्यावर एवढ्या सन्मानाने आम्ही क्वचितच पाहिलं आहे. पण नीट बघा. 'सैराट'मध्ये शेवटी खून होतो. 'मसान'मध्ये मुलगी अपघातात जाते, म्हणजे गोष्ट लग्नाच्या दारापर्यंत पोचतच नाही. खून आणि अपघात यांच्या मधली जी रोजची गोष्ट आहे, जिथे कुणी मरत नाही, कुणी मारत नाही, फक्त फोन बंद होतो आणि पोरगा दुसऱ्या दिवशी कामावर जातो, ती राहून गेली आहे. आम्हाला तीच करायची आहे. आमच्या फिल्ममध्ये कुणीही मरत नाही.

मरत नाही, हा निर्णयही वाद घालून घेतलेला आहे. आत्महत्येवर शेवट केला की प्रेक्षक हळहळतो, टाळ्या मिळतात. पण वस्तीत समोर बसलेला एखादा पोरगा त्यातून वाट उचलू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सिनेमा-नाटकवाल्यांसाठी काढलेली पुस्तिका हेच सांगते : आत्महत्येची पद्धत दाखवू नका, ती सुटका म्हणून रंगवू नका, संकटातून तगून निघणारी माणसं दाखवा. आमचा नायक तगतो. बरा होतो असं नाही, पण तगतो.

दुसरा वाद जास्त महत्त्वाचा होता. "यात ती कुठे आहे?" हा प्रश्न आमच्यातल्या दोघींनी लावून धरला. पुरुषांच्या मानसिक आरोग्याच्या नावाखाली आजकाल बाईला शिव्या घालण्याचा धंदा जोरात आहे. पोरगा पीडित, पोरगी धोकेबाज. ही फिल्म त्या पंगतीत बसणार नाही. प्रत्येक नकारामागे जात नसते. कधी तिला तो नको असतो, एवढंच. तो तिचा हक्क आहे, आणि तो पचवता येत नाही म्हणून पाठलाग करणारे, तोंडावर ॲसिड फेकणारे पुरुष कुठल्याही जातीत तयार होतात. हिंदू कोड बिलातून बाबासाहेबांना बाईच्या हाती निवडीचा अधिकार द्यायचा होता. ते बिल रखडलं, हे १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडण्याचं एक प्रमुख कारण होतं. त्यांचं नाव घेणाऱ्याने बाईच्या 'नाही'ला गद्दारी म्हणायचं नसतं. आणि जिथे नकार जातीपोटी येतो, तिथेही बहुतेक वेळा ती घरात कोंडलेली असते. तिचा प्रेमभंग तर कुणी मोजतही नाही. म्हणून आमच्या फिल्ममध्ये पाच मिनिटं फक्त तिची आहेत.

काही जण म्हणतात, मानसिक आरोग्य हे सवर्ण मध्यमवर्गाचं फॅड आहे. तासाला हजार-दीड हजार घेणारा आणि जातीचा उल्लेख निघताच गोंधळणारा समुपदेशक बघितला की असं वाटणं स्वाभाविक आहे. पण खासगी दवाखाना महाग म्हणून आपण आजार नाकारत नाही, सरकारी दवाखाना मागतो. इथेही तेच करायचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क मानला आहे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं. समुपदेशनाने जात जाणार नाही. पण जातीशी लढणारा माणूस जिवंत आणि शाबूत राहायला हवा.

ज्यांना हे सगळं कमकुवतपणाचं वाटतं त्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत. १९२६ साली राजरत्न गेल्यावर दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात, आपण आणि आपली पत्नी या धक्क्यातून सावरलो आहोत असा आव ते आणत नाहीत. मोडून गेल्याचं सरळ लिहितात. १९४० साली पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी दिवंगत रमाईंना अर्पण केला. एवढा कणखर माणूस शोक लपवत नाही, तर आपण कोण वाघ लागून गेलो? बुद्धाने किसा गोतमीला "रडू नको" म्हटलं नाही. मरण न पाहिलेल्या घरातून मोहरी आण म्हटलं आणि दारोदार पाठवलं. दुःख एकटीचं नाही हे तिला लोकांत जाऊनच कळलं.

आम्हाला फिल्मने तेवढंच काम करायचं आहे. अठरा मिनिटांची आहे, मोबाइलवर शूट होते आहे. सगळे नोकरीवाले म्हणून फक्त रविवारी. उधारीवर आणलेले दोन कॉलर माइक आहेत, कारण चित्र थोडं हललं तर चालतं, आवाज गेला तर प्रेक्षक उठतो. पुरस्कारासाठी धावायचं नाही. विहारात पडदा लावायचा, दाखवायची, आणि नंतर अर्धा तास कुणीही भाषण न करता बोलायचं.

तुमच्या विहारात जागा असेल तर आम्हाला बोलवा. प्रोजेक्टर आम्ही आणू. आणि फिल्म येईपर्यंत एक काम करा. तुमच्या मंडळातला जो पोरगा महिनाभर बैठकीला आलेला नाही, त्याला फोन लावा. "बैठकीला का नाही आलास" हे विचारू नका. "झोप लागते का रे?" एवढं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका.

जयभीम!