एका घरात दोन चुली

मैत्रिणींनो, विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तेव्हापासून ‘आई, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालूया’ असा हट्ट तुमच्याही घरी चालू असेल. घाला की! हिशेबाच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी विंडोजही राहू द्या. मात्र एका घरात दोन चुली मांडायच्या, तर वाटणी नीट हवी.

आधी फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. वाटणीत चूक झाली, तर मुलांचे लहानपणचे फोटो परत मिळायचे नाहीत. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची ४८ आकडी किल्ली वहीत लिहून ठेवा. मग विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच जागा मोकळी करा. उबुंटूला निदान २५ जीबी द्या.

आता महत्त्वाचं. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं, की बंद केलेली विंडोज अर्धवट झोपलेलीच असते बरं का! अशा वेळी लिनक्समधून तिच्या भागात काही साठवलं, तर फायली खराब होऊ शकतात.

आणि हो, सकाळी दहाला विंडोज पहाटेचे साडेचार दाखवू लागली, तर घाबरू नका. लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर लावतं, विंडोज तीच आपली वेळ समजते. साडेपाच तासांचा घोळ तो एवढाच! लिनक्सला यंत्राचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा, की झालं.

बँकेची कामं मात्र लिनक्सवरच करा.