खांब मोजा, पण बांध मोडू नका



चाकणच्या एमआयडीसीत कंपाउंडचे खड्डे खणतं कोण? आपणच. मुकादम सकाळी दोरी लावून जातो, आपण पहार मारतो, घमेली वाहतो. आठ फुटांवर एक खांब, दोन फूट खोल खड्डा, हे आपल्या हाताला पाठ झालंय. आता तेच कुंपण आपल्या वाड्यांवर यायला लागलंय. खेडच्या पश्चिमेला वनहक्काचे दावे टाकलेली माणसं म्हणतात, "सिमेंटचे पोल रोवले की जमीन पक्की झाली." आम्हाला हे पटत नाही. का, ते हिशोबानेच सांगतो.

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. असे 40 गुंठे म्हणजे एकर. एकर चौकोनी असेल तर बाजू 209 फूट, घेर 836 फूट, खांब 105. पण डोंगरउतारावर चौकोनी जमीन आहे कुणाची? आपल्या पट्ट्या लांबुळक्या. 66 फूट रुंद आणि 660 फूट लांब, हाही एकरच. घेर मात्र 1452 फूट, खांब 182. जमीन तेवढीच, खर्च पावणेदोन पट.

आता काँक्रीट. खड्डा एक फूट बाय एक फूट, खोली दोन फूट. चार इंची खांबाची जागा वजा केली की खड्ड्याला पावणेदोन घनफूट माल बसतो. 182 खड्ड्यांना सव्वातीनशे घनफूट. एकाला तीन वाळू, सहा खडी धरली तर सिमेंटच्या 40 गोणी. खांब, तार, गाडीभाडं वेगळंच. एवढा पैसा घरात नसतो, मग उचल घ्यायची आणि ती फेडायला परत मुकादमाच्या दारात उभं राहायचं. जमीन राखायला निघालो आणि माणूसच गहाण पडला!

बरं, एवढं करून हक्क मिळतो का? वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 ची तारीख आहे. त्याआधीपासूनचा कब्जा दाखवावा लागतो. काल रोवलेला पोल कालचाच पुरावा देतो. उलट आज्यापणज्याने रचलेला दगडी बांध, सपाट केलेलं खाचर, जुनं घर, ही नियम 13 प्रमाणे पुराव्यात धरली जातात. एका वाडीत आम्ही डोळ्यांनी पाहिलं, की खांबाची रांग सरळ यावी म्हणून जुना बांध फोडला आणि त्याचेच दगड खड्ड्यात भरले. आपला साक्षीदार आपणच गाडला.

कुंपण करूच नका, असं आम्ही म्हणत नाही. रानडुक्कर एका रात्रीत पीक लोळवतं, ते आम्हालाही ठाऊक आहे. पण आधी मोजणी, मग पहार. वन हक्क समितीला बोलवा, बांध, झाडं, खाचरं नकाशावर घ्या. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कब्जातून काढता येत नाही, हे कलम 4(5) सांगतं. पोच जपून ठेवा.

त्यानंतर कुंपण घालायचं तर बांधाच्या आतून घाला. काँक्रीट फक्त चार कोपऱ्यांना आणि दर दहाव्या खांबाला द्या. 22 खड्डे, पाच गोणी. बाकीचे खांब दगड-माती ठोकून बसवा, मधे शेर नाहीतर निवडुंग लावा. उचल घ्यायची गरज उरणार नाही.

आणि एक. उद्या दुसरंच कुणी आपल्या गायरानात किंवा दाव्याच्या जमिनीत दोरी लावली, तर खड्डे मोजा. खांबाला आठ फूट धरून घेर काढा, तारीख लिहा, ग्रामसभेत ठेवा. कंपन्यांसाठी शिकलेला हा हिशोब आता आपल्या जमिनीसाठी वापरूया.